साहेबावर दिवाणी दावा लागतच नाही म्हणतात, खरं हाय का?

आंबियाबहार
रामराम मंडळी. लय दिवसापासून इथं नुसता वाचून रायलो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. गाव वरुड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यातलं, नाव लिहत नाही कारण प्रकरण अजून गरम हाय.

१४ मे ले सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या वावराच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर (बांधावर) जेसीबी आला, सोबत मंडळ अधिकारी, कोतवाल आन् गावातले चार-पाच जण. पांदण मोकळी करायची म्हणे. पांदण मोकळी व्हावी हे तं आमालेबी वाटते, पावसाळ्यात बंडी फसते, संत्र्याचे क्रेट डोक्यावर वाहून रोडपर्यंत न्या लागते, रस्त्याले आमचा विरोध कधीच नव्हता. पण गाव नकाशात पांदण धुऱ्याच्या तिकडून हाय आन् जेसीबी घातला इकडून. २२ झाडं गेली, नऊ वर्षांची, आंबियाचं फळ लिंबाएवढं झालं होतं. ठिबकच्या नळ्या गेल्या, मेन पाइप फुटला. आधी नोटीस नाही, मोजणी नाही. बाबा झाडापाशी जाऊन उभे रायले तं "बाजूले व्हा, नाही तं ३५३ लावतो" म्हणे, म्हंजे सरकारी कामात अडथळ्याचं कलम. बाबा ६८ वर्षांचे हायेत. ते तिथंच मातीत खाली बसले, मी त्यायले उचलून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी तहसील ऑफिसात गेलो. तहसीलदार साहेब शांतपणे बोलले, खोटं कायले सांगू, पण बोलले ते असं की चूक झाली असन तं अर्ज द्या, केस करायच्या भानगडीत पडू नका, सरकारी कामासाठी आमच्यावर दिवाणी दावा लागत नाही, कायद्यानं संरक्षण हाय.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून रायली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं माया झाडाले धक्का दिला तं मी कोर्टात जाऊ शकतो, आन् सरकारच्या जेसीबीनं २२ झाडं पाडली तं जाऊ शकत नाही? कोनाले माहीत असन तं सांगा, वकिलाकडे जायच्या आधी समजून घ्यायचं हाय.

काळीमाती
भाऊ वाचून पोटात तुटलं. नऊ वर्षांचं झाड म्हंजे घरातलं माणूस असते. आमच्या इकडं (दारव्हा) दोन वर्षांपूर्वी असंच झालं, त्या कास्तकारानं अर्जावर अर्ज देले, प्रत्येक वेळी आवक क्रमांक भेटला, बाकी काही भेटलं नाही. त्याले पण हेच सांगितलं होतं की दावा लागत नाही, त्यानं ऐकलं आन् गप्प बसला. तुम्ही गप्प बसू नका.

जुना_नाझर
आंबियाबहार, मी दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटी नाझर म्हणून रिटायर झालो. वकील नाही, पण सरकारविरुद्धचे दावे दाखल होताना, फेटाळले जाताना आणि मंजूर होताना या डोळ्यांनी पाहिलेत. तुम्हाला जे सांगितलं ते अर्धं आहे, आणि अर्धं सांगितलेलंच जास्त नडतं.

पहिलं म्हणजे साहेब आणि सरकार या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या करा. साहेबाच्या स्वतःच्या खिशातून भरपाई मागणं हा एक विषय, महाराष्ट्र शासनाकडून मागणं हा दुसरा. शासनावर दावा लागतो, त्यात शंका नको. राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदातच लिहिलंय की राज्य सरकारला आपल्या नावानं दावा लावता येतो आणि त्याच्यावरही लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ७९ सांगतं की अशा दाव्यात नाव 'महाराष्ट्र राज्य' असं घालायचं. लागत नसता तर एवढी कलमं लिहिली कशाला असती?

आता संरक्षणाचं. सगळ्यात जुना कायदा १८५० चा, न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा. राणीच्या राज्याच्याही आधी, कंपनीच्या काळातला, आणि तो अजून चालू आहे. न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, कलेक्टर किंवा जो कोणी न्यायिक काम करतो, त्याने आपल्या अधिकारात किंवा अधिकार आहे असं मनापासून समजून दिलेल्या आदेशासाठी त्याच्यावर दिवाणी दावा लागत नाही. पुढे १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा आला. आता लक्ष द्या, कारण तुमचं सगळं इथं अडलंय. तहसीलदार साहेब जेव्हा मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली रस्त्याच्या अडथळ्याची केस चालवतात, दोन्ही बाजूंना बोलावतात, जागा पाहतात, निकाल देतात, तेव्हा ते न्यायिक काम करतात. निकाल चुकला तर त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा होत नाही, वर दाद मागायची. पण जेसीबी घेऊन धुऱ्यावर जाणं हा निकाल नाही. संरक्षण खुर्चीला नसतं, त्या खुर्चीवरून जे काम केलं त्या कामाला असतं.

म्हणून मला सांगा, तुमच्या पांदणीची अशी केस कधी चालली होती का? समन्स, तारीख, जबाब, काही?

आंबियाबहार
काहीच नाही काका. बाबाले विचारलं, आईले विचारलं, आमच्या दारात कधी कागद आला नाही. सरपंचाच्या अर्जावरून मोहीम निघाली एवढंच समजलं. जेसीबीवाला गावातलाच हाय, तो म्हणतो साहेबायनं फोनवर सांगितलं.

तलाठी_सज्जा
मी तलाठी आहे, आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. जिल्हा सांगत नाही. दुसरी बाजू कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो, राग मानू नका.

माझ्याकडं तीन सज्जे आहेत. फेरफार, ई-पीक पाहणीच्या दुरुस्त्या, अतिवृष्टीचे पंचनामे, फार्मर आयडी, निवडणुकीचं काम, हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर. धुऱ्याच्या भांडणात मी एकाच्या बाजूनं रिपोर्ट लिहिला की दुसरा म्हणतो पैसे खाल्ले, आणि त्याच्या बाजूनं लिहिला की पहिला म्हणतो. नाराज झालेला प्रत्येक माणूस माझ्या नावावर दहा लाखांचा दावा टाकू लागला तर मी सही कशाला करीन? कोणीच करणार नाही, सगळ्या फायली 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी' म्हणून वर जातील आणि तिथंच राहतील. ते संरक्षण आम्हाला मस्ती करायला नाही, सही करायची हिंमत व्हावी म्हणून आहे. पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लिहायचं की खाली, हा निर्णय मला चिखलात उभं राहून घ्यावा लागतो, आणि तो चुकू शकतो. चुकला म्हणून माझं घर विकावं लागू नये एवढंच म्हणणं आहे.

पण आंबियाबहार भाऊंच्या प्रकरणात मला बाजू घेता येत नाही. मोजणीशिवाय आणि लेखी आदेशाशिवाय झाडावर जेसीबी घालायचाच नसतो. शेतरस्त्यांची मातोश्री पाणंद योजना आल्यापासून वरून दबाव मोठा आहे, किती किलोमीटर मोकळे केले त्याचा आकडा रोज मागतात आणि आदेश येतो तोंडी. मी स्वतः एकदा "साहेब लेखी द्या" म्हटलं तर दोन महिने माझी रजा मंजूर झाली नव्हती. तरी सांगतो, लेखी मागायलाच पाहिजे. जो खालचा माणूस तोंडी आदेशावर जातो, शेवटी तोच अडकतो.

जुना_नाझर
तलाठी भाऊ, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. तुमची भीती खरी आहे आणि कायदाही ती मानतो, म्हणून तर बहुतेक कायद्यांच्या शेवटी एक कलम असतंच, 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण'. माहिती अधिकार कायद्यात पण आहे, कलम २१.

ही सद्भावना म्हणजे काय, तर दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि लोक तिथं फसतात. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५२ म्हणायचं की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काम सद्भावनेचं नाही, आता न्याय संहितेतही तीच व्याख्या आहे. पण जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ म्हणतो की काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावनेचं, मग त्यात निष्काळजीपणा असो की नसो. दिवाणी बाजूला सरकारी वकील ही दुसरी व्याख्या पुढे करतो. म्हणजे साहेबावर व्यक्तिशः दावा टिकवायचा तर नुसतं 'काळजी घेतली नाही' म्हणून भागत नाही, प्रामाणिकपणा नव्हता हे दाखवावं लागतं, आणि ते अवघड आहे. नकाशा हातात असून पाहिला नाही, शेजाऱ्याचा धुरा वाचवायला इकडून घेतला, आधी तक्रार केली होती म्हणून डूख धरला, असं काही पुराव्यानिशी असेल तरच त्या वाटेनं जा.

शासनावर दावा मात्र त्यामानानं सरळ आहे. कर्मचाऱ्यानं काम करताना केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, इथं मालक शासन.

आणि मुदत!! हे मोठ्या अक्षरात वाचा. सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर सरकारी कामाबद्दल दावा टाकायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. शासनासाठी ती कलेक्टरकडे देता येते, अधिकाऱ्यासाठी त्याच्या हातात किंवा ऑफिसात. त्यात तुमचं नाव, पत्ता, नेमकं काय घडलं आणि काय मागता हे सगळं पाहिजे. नोटीस न देता टाकलेले किती दावे परत गेलेले मी पाहिलेत. तातडीचा मनाई हुकूम पाहिजे असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय जाता येतं, पण तुमची झाडं तर पडली, आता तातडी राहिली नाही. आणि मुदत कायद्याच्या ७२ व्या अनुच्छेदात, एखाद्या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल भरपाई मागायला फक्त एक वर्ष आहे. जमिनीवरच्या अतिक्रमणाला तीन वर्षं असतात असं कोणी सांगेल, पण सरकारी वकील ७२ वरच बोट ठेवतो, म्हणून एक वर्षच धरून चाला. नोटिशीचे दोन महिने त्यातून वगळतात खरे, पण त्यावर विसंबू नका. काळीमातीनं सांगितलेल्या दारव्ह्याच्या कास्तकाराचं बहुतेक हेच झालं असणार, अर्ज-अर्ज करत वर्ष निघून गेलं.

एलएलबी_तिसरं_वर्ष
नागपूरला शिकतो, गाव कळमेश्वरकडचं. नाझर काकांनी शासनावरचा दावा सरळ म्हटलाय पण आम्हाला शिकवलं ते एवढं सरळ नाही. १८६१ मध्ये कलकत्त्याला पी अँड ओ या जहाज कंपनीची केस झाली, सरकारी डॉकयार्डात कामगार लोखंडाचा तुकडा नेत होते, त्यामुळे कंपनीच्या बग्गीचा घोडा जखमी झाला. तेव्हापासून सार्वभौम काम (जे फक्त सरकारच करू शकतं) आणि साधं काम असा फरक सुरू झाला, साध्या कामात सरकार जबाबदार, सार्वभौम कामात नाही. मग १९६२ ची विद्यावती केस, राजस्थानात कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरनं माणूस उडवला, सुप्रीम कोर्टानं राज्याला जबाबदार धरलं. पण दोनच वर्षांनी कस्तुरीलाल, मेरठला पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होतं तो ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की जप्ती हे सार्वभौम काम आहे, सरकार भरपाई देणार नाही. तो निकाल आजपर्यंत रीतसर रद्द झालेला नाही.

अमेरिकेत वेगळीच तऱ्हा आहे. तिथं १८७१ च्या कायद्यानं अधिकाऱ्यावर नावानिशी दावा टाकता येतो, पण १९६७ पासून कोर्टांनी एक संरक्षण तयार केलं आणि १९८२ च्या हार्लो केसमध्ये ते पक्कं झालं. तुमचा हक्क त्या वेळी आधीच स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नसेल तर अधिकारी सुटतो. त्याच्या मनात काय होतं हे कोर्ट बघतच नाही. आपल्याकडं सगळं मनावर आहे, सद्भावना होती का नव्हती. मला कोणती पद्धत बरी ते ठरवता येत नाही, पण तिकडच्या पद्धतीत नवीन प्रकारचा अन्याय झालेला पहिला माणूस मरतो एवढं दिसतं.

जुना_नाझर
पोरा छान लिहिलंस. पण कस्तुरीलालवर थांबू नकोस, वकील लोक पण तिथंच थांबतात आणि पक्षकाराला घाबरवतात. १९९४ ची नागेंद्र राव केस वाच. आंध्रातला खताचा व्यापारी, त्याचं खत आणि धान्य जप्त करून ठेवलं, सोडायचा आदेश झाला तोवर माल खराब. सुप्रीम कोर्टानं राज्याला भरपाई द्यायला लावली आणि सार्वभौम कामाचं ते जुनं कुंपण लष्कर, परराष्ट्र व्यवहार अशा मोजक्या गोष्टींपुरतं ठेवलं. जप्ती करून माल सडवणं सार्वभौम नाही तर पांदण साफ करताना संत्र्याची झाडं पाडणं कुठून होणार?

त्याच्या आदल्या वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाची केस झाली. तिथं कोर्ट म्हणालं की सामान्य माणसाला छळल्याची भरपाई प्राधिकरणानं द्यावी आणि मग जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्या पगारातून वसूल करावी. मला ही वाट सगळ्यात न्यायाची वाटते, मी नोकरीत असल्यापासून वाटते. कास्तकारानं साहेबाच्या मागं पळू नये, त्याला तिजोरीतून मिळावं, आणि तिजोरीनं ज्याचा दोष त्याच्याकडून वळतं करावं. तलाठी भाऊ, तुमच्यासारख्याला यात भीती नाही, कारण लेखी आदेश मागणाऱ्याचा कागद तिथं त्याला वाचवतो.

दुःख एवढंच की लॉ कमिशननं आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, सरकारच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा करा म्हणून सांगितलं, विधेयकं संसदेत आली आणि तशीच पडली. इंग्लंडनं आपल्या राजाच्या सरकारला १९४७ मध्येच कायद्यानं कोर्टात उभं केलं, आणि आपला ३०० वा अनुच्छेद अजून मागं बोट दाखवत दाखवत कंपनी सरकारपर्यंत जातो. वरुडच्या माणसाला आपला हक्क शोधायला कलकत्त्याच्या घोड्यापासून सुरुवात करावी लागते. याचा मला मनापासून राग येतो.

पऱ्हाटीवाली
मी मधातच विचारते, माफ करा. घाटंजीकडून हाय मी. मायी केस झाडाची नाही. माझा नवरा गेला, औषध घेतलं, कर्ज होतं. एक लाखाच्या मदतीसाठी कागद देले तं समितीनं अपात्र लिहलं, कारण काय तं सात-बारा सासऱ्याच्या नावावर. मले पण म्हटलं समितीवर केस होत नाही. वकिलाले द्यायले पैसे नाहीत.

जुना_नाझर
ताई, तुमचं सगळं आधी. तुमची वाट वेगळी आहे, तिथं नुकसानभरपाईचा दावा नाही टाकायचा, अपात्र ठरवलेला निर्णयच रद्द करून मागायचा, त्यासाठी राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका होते. तिथं 'सद्भावनेने केलं' हे उत्तर चालत नाही कारण तुम्ही कोणाच्या खिशातून काही मागत नाही, निर्णय चूक की बरोबर एवढंच कोर्ट बघतं. मागं १९८३ मध्ये बिहारचा रुदुल साह निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात राहिला, त्याला सुप्रीम कोर्टानं अशाच याचिकेत ३५ हजार द्यायला लावले, म्हणजे या वाटेनं पैसेही मिळू शकतात.

वकिलाची काळजी सोडा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती बसते, तिथं साधा अर्ज द्या, हायकोर्टासाठी नागपूरला वेगळी समिती आहे, तालुक्याचे लोक पुढं पाठवतात. अपात्र ठरवल्याचा लेखी आदेश आणि समितीच्या सभेच्या कार्यवृत्ताची नक्कल दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जानं मागा. तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे. विनाकारण दिली नाही तर रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, हे त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर पडतात.

पऱ्हाटीवाली
सोमवारी जाते. पोराले संगं घेऊन जाते, तो दहावीले हाय, त्याले लिहता येते चांगलं.

काळीमाती
ताई यवतमाळले काही काम पडलं तं इथं लिहा, मी येतो. आन् आंबियाबहार भाऊ, त्या ३५३ चं पण कोनी सांगा, सगळे त्यालेच भेतात.

एलएलबी_तिसरं_वर्ष
३५३ आता भारतीय न्याय संहितेचं १३२ झालं. त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. शांतपणे उभं राहून "आदेश दाखवा" म्हणणं, मोबाइलवर व्हिडिओ काढणं, याला हल्ला म्हणता येत नाही. हात मात्र लावायचा नाही, जेसीबीच्या चाकापुढं झोपायचं नाही.

आंबियाबहार
आज परत लिहतो, मधात अठरा दिवस गेले.

काकांनी सांगितल्यापरमाणं केलं. माहिती अधिकारात आदेशाची नक्कल मागितली, मुदतीआधीच उत्तर आलं की "सदर दिनांकाचा कोणताही लेखी आदेश अभिलेखात आढळून येत नाही". ते वाचून मायं डोकं सुन्न झालं, पण वकील साहेब खूश झाले, म्हणे हाच आपला पहिला पुरावा. भूमी अभिलेखमधी तातडीच्या मोजणीचे पैसे भरले. सात-बाऱ्यावर संत्र्याची नोंद हाय, मागच्या दोन वर्षांची ई-पीक पाहणी हाय, ठिबकच्या अनुदानाचं पत्र सापडलं. कृषी सहायकानं झाडाच्या वयाचं लिहून द्यायले आधी टाळाटाळ केली, मग देलं. पडलेली झाडं आम्ही उचलली नाहीत, बुंधे तसेच ठेवले, प्रत्येकाचा फोटो काढला.

नोटीस परवा कलेक्टर ऑफिसात देली, शिक्का मारून पोच घेतली, दुसरी प्रत तहसीलात. वकील साहेबायनं सध्या शासनावरच दावा ठेवायचा म्हटलं, साहेबायले नावानं पक्षकार करायचं का नाही ते मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) हाती आल्यावर ठरवू. मले आधी राग होता, नावानंच टाका म्हणत होतो. बाबा म्हणाले, आपल्याले झाडाचे पैसे पाहिजे का माणूस पाहिजे. मी काही बोललो नाही.

एक गोष्ट लिहायची होती. नोटीस देताना तिथला बाबू वाचून म्हणाला, "अरे, हे तर बरोबर फॉर्ममध्ये हाय." बस एवढंच म्हणाला, आन् शिक्का मारला.

तलाठी_सज्जा
मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या धुरेकऱ्यांना नोटीस लागली आहे का ते आधीच पाहून घ्या, नाही तर त्या दिवशी कोणी तरी हरकत घेतो आणि मोजणी पुढं जाते. आणि मोजणीदार खुणा दाखवेल तेव्हा बाबांना सोबत ठेवा, जुना दगड कुठं होता ते त्यांनाच माहीत असणार.

आंबियाबहार
दगड तं हाय भाऊ. जेसीबीनं उलटा पाडला पण हाय, बाबांनी त्याच जागी कडुलिंबाची खुंटी ठोकून ठेवली.

जुना_नाझर
त्या खुंटीचा आणि दगडाचा आजच फोटो काढा, तारखेसकट, दोन शेजाऱ्यांच्या समोर, आणि त्यांच्या सह्या घेऊन ठेवा. पाऊस तोंडावर आलाय.